डॉक्टर गिब्सन

भिवंडी तालुक्यातील खारबाव हे खाडीच्या आसऱ्याने वसलेले गाव. ओहोटी लागली म्हणजे या खाडीत दूरवर गाळ उघडा पडतो. हा गाळ येतो कोठून? पुष्कळसा डोंगरांवरून. झाडे तुटली की पावसाची धार उघड्या मातीवर बसते आणि ती माती नदीवाटे खाडीत उतरते. कोकणच्या खाड्यांसंबंधी ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारच्या कानी घालणारे एक डॉक्टर होऊन गेले.

अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म १८०० मध्ये स्कॉटलंडात झाला. १८२५ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मुंबई इलाख्यात आले. येथे ते मराठी शिकले. देवीची लस टोचण्याच्या कामी त्यांना दख्खनची व खानदेशाची गावे पालथी घालावी लागली. वाटेने झाडेझुडपे निरखण्याचा छंद त्यांना होताच.

१८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडीची सरकारी बाग त्यांच्या स्वाधीन झाली. बाग म्हणजे फुलांचे ताटवे, अशी आपली समजूत. गिब्सन यांना तेथे औषधशाळा दिसली. दवाखान्यांना लागणारी कित्येक औषधे त्या काळी विलायतेहून गलबतांनी येत. गिब्सन यांनी दापोडीस व जुन्नरकडील हिवरे येथे सोनामुखी, खुरासानी ओवा अशा वनस्पती लावल्या आणि सरकारी औषधभांडारांस येथलाच माल पुरविला.

परंतु सर्वच औषधे वाफ्यात पिकत नाहीत. हिरडा, बेहडा, बिबळा ही रानची झाडे. ती वाढण्यास वर्षानुवर्षे लागतात आणि तोडण्यास एक प्रहरही लागत नाही. जहाजांसाठी व घरांसाठी सह्याद्रीवर तेव्हा कुऱ्हाड चालूच होती. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि त्यांनी तोडीला आळा घालण्याचे मनावर घेतले. रान जाळून होणारी कुमरी शेतीही त्यांनी बंद पाडू पाहिली. या कडक नियमांचा जाच मात्र लाकडाच्या व्यापाऱ्यांपेक्षा गरीब वनवासींना अधिक झाला, हे मला सांगितलेच पाहिजे.

१८६० मध्ये ते कामावरून निवृत्त झाले. पुढल्याच वर्षी डाल्झेल यांच्यासह लिहिलेला त्यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ मध्ये ते वारले.

सह्याद्रीत नरक्या नावाचे एक लहान झाड आहे. कर्करोगावरील औषधास उपयोगी पडणारे द्रव्य त्यात १९७२ मध्ये आढळले, आणि पुढे ते झाड घाटांतून ओरबाडले जाऊ लागले. आता त्याच्या बिया वेचून रोपवाटिकांत रोपे तयार केली जातात व पावसाळ्याच्या तोंडी ती रानात लावतात.