भूमितिकार लोबाचेव्हस्की

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हें प्रमेय आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या कोणत्याही विद्यार्थ्यास झोपेंतून उठवून विचारलें तरी तो सांगेल. परंतु या वाक्याचा अर्थ काय, असें विचारलें तर बहुतेक जण फळ्यावर एक त्रिकोण काढून त्याकडे बोट दाखवितात. जणूं काय प्रमेय म्हणजे त्या आकृतीविषयीं कोणीं तरी आणलेली बातमीच! पालकांपैकीं ज्यांना आपली भूमिती अद्यापि आठवत असेल त्यांचीही समजूत याहून फारशी निराळी असेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. दोन हजार वर्षें मोठमोठ्या पंडितांची समजूत हीच होती. ती चुकीची आहे असें छापून उघडपणें सांगणारा पहिला पुरुष रशियांतील एका दूरच्या शहरीं प्राध्यापक होता. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहोंत.

निकोलाय इव्हानोविच लोबाचेव्हस्की याचा जन्म १ डिसेंबर १७९२ रोजीं व्होल्गा नदीच्या कांठीं निझ्नी नोव्हगोरोद येथें झाला. बाप जमीनमोजणीच्या कचेरींत कारकून होता. निकोलाय लहान असतांच तो वारला, आणि प्रास्कोव्या नांवाच्या त्या विधवेच्या पदरीं तीन मुलगे उरले. हातीं पैसा नाहीं, मागें आधार नाहीं, अशा स्थितींत ती मुलांना घेऊन पूर्वेकडे काझान शहरीं आली व १८०२ सालीं तिनें तिघांनाही तेथील विद्यालयांत सरकारी खर्चानें शिकण्याची सोय मिळवून दिली. या बाईविषयीं चरित्रग्रंथांतून फार थोडें आढळतें. आम्हांस मात्र वाटतें कीं, पुढील सर्व हकीकतीचा पाया तिनेंच घातला.

काझानचें विद्यापीठ त्या वेळीं नुकतेंच स्थापन झालें होतें. निकोलाय १८०७ मध्यें त्यांत दाखल झाला. तेथें बार्टेल्स नांवाचा एक जर्मन अध्यापक त्याला गणित शिकविण्यास लाभला. प्रसिद्ध गणिती गॉस हा लहानपणीं ज्या शाळेंत शिकला, तेथें याच बार्टेल्सनें साहाय्यक शिक्षक म्हणून काम केलें होतें. निकोलाय हुशार होता खरा, पण वर्तणुकीच्या रकान्यांत त्याच्या नांवापुढें तक्रारींचीच गर्दी असे. अखेर १८११ सालीं पदवी देण्याच्या वेळीं अधिकारी अडून बसले, तेव्हां बार्टेल्सप्रभृति अध्यापकांनीं मध्यें पडून त्याची बाजू सांभाळली. तीन वर्षांनीं तो त्याच विद्यापीठांत शिकवूं लागला व १८१६ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, प्राध्यापक झाला. पुढें आयुष्यभर त्यानें काझान सोडलें नाहीं.

आतां त्याच्या कार्याकडे वळण्यापूर्वीं युक्लिडची थोडी आठवण केली पाहिजे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास आलेक्झांड्रिया येथें होऊन गेलेल्या या ग्रीक पंडितानें आपल्या ग्रंथाच्या आरंभीं पांच गृहीतें मांडलीं. पहिलीं चार सुटसुटीत आहेत; एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ रेषा काढतां येते, सर्व काटकोन सारखे असतात, अशा प्रकारचीं. पांचवें मात्र लांबलचक आहे. दोन रेषांना तिसरी रेषा छेदीत असून एका बाजूच्या आंतील दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असेल, तर त्या दोन रेषा वाढविल्या असतां त्याच बाजूस कोठें तरी मिळतात, असें त्याचें म्हणणें आहे. कोठें तरी म्हणजे कोठें? एक कोसावर, कीं तारामंडळाच्या पलीकडे? तेथवर जाऊन कोणीं पाहिलें आहे? युक्लिडलाही हें टोंचत असावें, कारण पहिल्या भागांतील आरंभींचीं २८ प्रमेयें त्यानें या गृहीताला हात न लावतां सिद्ध केलीं, आणि २९ व्या प्रमेयांत, जेव्हां दुसरा उपायच उरला नाहीं, तेव्हांच तें वापरलें. त्रिकोणाच्या कोनांचें प्रमेय ३२ वें आहे. त्याच्या सिद्धतेंत आपण शिरोबिंदूंतून पायाला समांतर रेषा काढतों व व्युत्क्रम कोन सारखे आहेत असें म्हणून पुढें जातों. तें पांचवें गृहीत या ठिकाणीं मुकाट्यानें आंत येतें.

हें गृहीत उरलेल्या चारांवरून सिद्ध करून टाकावें, म्हणजे तें गृहीत राहणार नाहीं, अशी खटपट ग्रीकांनीं केली, अरबांनीं केली, रुबायांमुळें सर्वांस ठाऊक असलेल्या उमर खय्यामनेंही केली. प्रत्येकाच्या सिद्धतेंत तेंच गृहीत दुसरा वेष घेऊन बसलेलें सांपडे. इटलींतील साकेरी नांवाच्या एका जेझुइट धर्मगुरूनें १७३३ मध्यें निराळा मार्ग धरला. त्यानें पांचव्या गृहीताच्या उलट गोष्ट खरी मानली आणि त्यांतून प्रमेयामागून प्रमेयें काढलीं; हेतु हा कीं कोठें तरी विसंगति निघेल व युक्लिड खरा ठरेल. विसंगति निघेना. अखेरीस हीं प्रमेयें सरळ रेषेच्या स्वभावाविरुद्ध आहेत असें ठरवून त्यानें ग्रंथ संपविला. नव्या भूमितीचीं प्रमेयें त्याच्या हातीं होतीं, अर्थ मात्र त्यानें दाराबाहेर ठेवला.

लोबाचेव्हस्कीनेंही प्रथम हीच वाट चोखाळली होती. त्याच्या १८१५ च्या सुमाराच्या व्याख्यानांच्या, विद्यार्थ्यांनीं उतरून घेतलेल्या, टिपणांत पांचव्या गृहीताची सिद्धता देण्याचा प्रयत्न आढळतो. पण १८२३ सालीं लिहिलेल्या भूमितीच्या पाठ्यपुस्तकांत त्यानें अशी निर्दोष सिद्धता आजवर कोणासही मिळालेली नाहीं असें स्पष्ट म्हटलें. तें पुस्तक सेंट पीटर्सबर्ग येथें परीक्षणास गेलें व नापसंत ठरलें. परीक्षकाचा एक मोठा आक्षेप असा होता कीं, ग्रंथकारानें लांबी मोजण्यास फ्रेंच क्रांतीच्या काळचें मीटर हें माप वापरलें आहे!

मग २३ फेब्रुवारी १८२६ रोजीं त्यानें आपल्या विद्यापीठांतील सहाध्यापकांपुढें एक निबंध मांडला. एका रेषेबाहेरील बिंदूंतून तिला कधींच न मिळणाऱ्या रेषा एकाहून अधिक काढतां येतात, असें मानून चाललें तरी कोठेंही विसंगति येत नाहीं. एक निराळी, पण तितकीच सुसंबद्ध भूमिती उभी राहते, असा त्याचा आशय होता. तीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज नेहमीं दोन काटकोनांहून कमी भरते, आणि त्रिकोण जितका मोठा तितकी तूट अधिक. विद्यार्थ्यांस याहून मौज वाटेल ती अशी कीं, या भूमितींत दोन त्रिकोणांचे तीन कोन अनुक्रमें सारखे असले कीं ते त्रिकोण एकरूपच असतात. एकाच आकाराचे पण लहानमोठे असे समरूप त्रिकोण तेथें नाहींतच.

तर मग खरें प्रमेय कोणतें, युक्लिडचें कीं लोबाचेव्हस्कीचें? येथेंच प्रमेय या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आपण त्रैराशिक करतों तेव्हां तांदळाचा भाव किलोला ५० रुपये धरला, तर ५ किलोंचे २५० रुपये होतात. बाजारांत जाऊन पाहावें तर भाव ६० आहे. म्हणून कांहीं उत्तर चुकलें नाहीं. धरलेल्या भावापासून उत्तरापर्यंतची वाट पक्की आहे. बाजारांत तो भाव नाहीं, इतकेंच. प्रमेयाचेंही तसेंच आहे. अमुक आहे असें तें सांगत नाहीं. अमुक मान्य कराल तर तमुक मान्य केल्यावांचून सुटका नाहीं, एवढें तें सांगतें, आणि सिद्धतेचें सर्व बळ त्या एका तर या शब्दांत असतें. दोन्ही भूमितींतील प्रमेयें अशा रीतीनें सिद्ध आहेत. त्यांच्यांत भांडण नाहीं, कारण त्यांचीं गृहीतें वेगळीं आहेत. साकेरी आणि लोबाचेव्हस्की यांनीं जवळजवळ तींच वाक्यें लिहिलीं. एकानें तीं अशक्य ठरविण्यासाठीं लिहिलीं, दुसऱ्यानें तीं एका निराळ्या गृहीताचीं फळें म्हणून स्वीकारलीं.

उरला प्रश्न आपण राहतों त्या जगाचा. तो लोबाचेव्हस्कीनें टाळला नाहीं, पण त्याचा निकाल सिद्धतेनें लागणार नाहीं, मोजमापानेंच लागेल, हें त्यानें ओळखलें. पृथ्वीची सूर्याभोंवतीची कक्षा हा पाया व व्याध तारा हा शिरोबिंदु अशा प्रचंड त्रिकोणाचा हिशोब त्यानें त्या वेळच्या वेधांवरून केला. तूट असलीच तर ती इतकी सूक्ष्म निघाली कीं वेधांतील चुकीपुढें ती दिसूं नये. म्हणून व्यवहारांत युक्लिडची भूमिती पुरते, याहून अधिक निर्णय त्यानें दिला नाहीं. आम्हांस त्याच्या बुद्धीइतकाच हा संयम मोलाचा वाटतो.

लोकांनीं त्याचें स्वागत कसें केलें? १८२६ चा निबंध ज्या तीन सहाध्यापकांकडे अभिप्रायासाठीं गेला त्यांनीं अभिप्राय दिलाच नाहीं, आणि निबंधही हरवला. १८२९-३० मध्यें काझानच्या एका मासिकांत त्यानें आपली भूमिती छापली. राजधानींतील विद्वत्सभेकडे ती पाठविली असतां ओस्त्रोग्राद्स्की या नामांकित गणित्यानें १८३२ मध्यें प्रतिकूल मत दिलें. १८३४ सालीं पीटर्सबर्गच्या एका मासिकांत निनांवी लेखकानें त्याची यथेच्छ टवाळी केली. लोबाचेव्हस्कीनें पाठविलेलें उत्तर त्या मासिकानें छापलें नाहीं. विद्वान् म्हणविणारांनीं न समजलेल्या गोष्टीस हंसावें, हें कांहीं त्याच देशांत किंवा त्याच काळांत घडतें असें नाहीं.

ज्या माणसाला असें वेडगळ ठरविण्यांत आलें तो १८२७ पासून १८४६ पर्यंत, म्हणजे सलग एकोणीस वर्षें, काझान विद्यापीठाचा प्रमुख होता. ग्रंथालय त्यानें स्वतः लावलें. इमारती बांधावयाच्या म्हणून त्यानें वास्तुशास्त्राचा अभ्यास केला. १८३० मध्यें शहरांत पटकीची सांथ आली, तेव्हां त्यानें अध्यापक, विद्यार्थी व त्यांचीं कुटुंबें यांना विद्यापीठाच्या आवारांत घेऊन दरवाजे बंद केले, स्वच्छतेचे कडक नियम घातले, आणि शहराच्या मानानें आंत फारच थोडे मृत्यु झाले. १८४२ च्या मोठ्या आगींत वेधशाळा जळाली, परंतु त्याच्या धांवपळीमुळें उपकरणें व पुस्तकें वांचलीं.

१८४० सालीं त्यानें आपला विषय एका लहानशा जर्मन पुस्तकांत मांडून बर्लिन येथें छापविला. तें वृद्ध गॉसच्या हातीं पडलें. गॉस स्वतः पूर्वींच अशाच निर्णयास आला होता, पण लोकांच्या आरडाओरडीच्या भीतीनें त्यानें तो कधीं प्रसिद्ध केला नव्हता. हंगेरींतील तरुण यानोश बोल्याय यानें १८३२ मध्यें हीच भूमिती स्वतंत्रपणें छापली, तेव्हांही गॉस जाहीरपणें कांहीं बोलला नाहीं. म्हातारपणीं रशियन शिकून त्यानें लोबाचेव्हस्कीचे लेख मात्र वाचले, आणि त्याच्या शिफारशीवरून गटिंगेनच्या विद्वत्सभेनें १८४२ मध्यें लोबाचेव्हस्कीस आपला सभासद निवडलें. नव्या भूमितीविषयीं छापील असा एक शब्दही गॉसनें लिहिला नाहीं. एवढ्या थोर माणसाविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तरी त्याच्या चार ओळींनीं काझानमधल्या त्या एकाकी माणसाचे दिवस पालटले असते, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

१८४६ मध्यें सरकारनें त्याला प्राध्यापकाच्या व प्रमुखाच्या दोन्ही जागांवरून दूर केलें. घरची स्थिति खालावली. १८५२ मध्यें वडील मुलगा आलेक्सेय क्षयानें गेला. दृष्टि मंद होत होत अखेर पूर्ण गेली. तशा स्थितींत १८५५ सालीं, विद्यापीठाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त निघावयाच्या ग्रंथासाठीं, त्यानें आपल्या भूमितीचें शेवटचें निरूपण तोंडानें सांगून लिहविलें. ज्या आकृति त्याला दिसत नव्हत्या त्यांचीं प्रमेयें तो क्रमानें सांगत गेला. २४ फेब्रुवारी १८५६ रोजीं तो वारला. पहिला निबंध मांडल्यास तीस वर्षें आणि एक दिवस झाला होता.

गॉस आदल्या वर्षीं मरण पावला होता. त्याचीं खासगी पत्रें छापून निघालीं तेव्हां त्यांत लोबाचेव्हस्कीची स्तुति लोकांनीं वाचली व त्याचीं पुस्तकें शोधूं लागले. १८६६ मध्यें फ्रेंच भाषांतर झालें. त्यानंतर दोनच वर्षांनीं इटलींतील बेल्त्रामी यानें एक मोठी उणीव भरून काढली. पृथ्वीच्या गोलावर विषुववृत्त व शून्य आणि नव्वद अंशांचीं रेखावृत्तें घेतलीं तर तिन्ही कोन काटकोन असलेला त्रिकोण होतो. तेथें बेरीज जास्त भरते. बेल्त्रामीनें याच्या उलट वांक असलेला एक पृष्ठभाग दाखविला, आणि त्यावर लोबाचेव्हस्कीचीं प्रमेयें लागू पडतात हें सिद्ध केलें. साकेरी जिची वाट पाहत होता ती विसंगति या भूमितींत निघालीच, तर ती युक्लिडच्या भूमितींतही निघेल, असा याचा अर्थ झाला.

काझान येथें लोबाचेव्हस्कीचा पुतळा १८९६ मध्यें उभारण्यांत आला. मीटरमुळें नापसंत झालेलें त्याचें भूमितीचें पाठ्यपुस्तक छापून निघालें तें १९०९ सालीं.