टाकऱ्याहून ॲमस्टरडॅमला

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, जळगाव-जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या सातपुड्याकडील पाड्यांतून जी कोरकू भाषा बोलली जाते, ती मुंडा भाषाकुलातील आहे. त्याच कुलातील मुंडारी ही ज्यांची मातृभाषा, त्या जयपालसिंग मुंडा यांचे चरित्र या जिल्ह्याला म्हणूनच सर्वस्वी परके नाही. रानातला काटक मुलगा शहराच्या मैदानावर आणून सोडला की खेळाडू आपोआप घडतो, हा आपल्याकडील सोयीस्कर समज या चरित्रापुढे टिकत नाही.

रांचीजवळील खुंटी परिसरातील टाकरा या खेड्यात १९०३ साली त्यांचा जन्म झाला. घरचे नाव प्रमोद पाहन. रांचीच्या मिशनशाळेत मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांनी त्यांचे गुण हेरले आणि १९१८ मध्ये त्यांना विलायतेस नेले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि जयपाल ख्रिस्ती झालेही. ती किंमत नजरेआड करू नये. परंतु आधी कँटरबरीचे सेंट ऑगस्टिन कॉलेज, मग ऑक्सफर्डचे सेंट जॉन्स, अशी पायरीपायरीने त्यांच्या शिक्षणाची सोय लागत गेली, हेही तितकेच खरे. हॉकीची काठी त्या शिक्षणाच्या जोडीने आली, त्याऐवजी नव्हे. अर्थशास्त्राची सन्माननीय पदवी आणि विद्यापीठाचा हॉकीतील ‘ब्लू’ हा बहुमान, दोन्ही त्यांना तेथेच मिळाले.

१९२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकसाठी भारतीय संघाचे नेतृत्व चालून आले, तेव्हा ते आय.सी.एस.चे उमेदवार होते. रजा नाकारली गेली. ते तरीही गेले. परतल्यावर उमेदवारीचे आणखी एक वर्ष काढण्यास फर्मावण्यात आले, आणि त्यांनी ती सनदी चाकरीच सोडून दिली. संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही स्वीकारला नाही आणि भारताला हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळाले. मात्र अंतिम सामन्यात कर्णधार जयपाल मैदानात नव्हते. नेतृत्व पिनिगर यांनी केले. संघाच्या व्यवस्थापनाशी त्यांचे बिनसले होते, असे सांगितले जाते. ध्यानचंद यांच्या तेजात ही बाजू सहसा झाकोळून जाते.

पोटाची सोय की खेळ, हा पेच ऑक्सफर्डच्या पदवीधरालाही चुकला नाही. मग आश्रमशाळेतून थेट शहरातील क्रीडा वसतिगृहात दाखल होणाऱ्या कोरकू मुलाची अवस्था काय होत असेल? तेथील मराठी त्याला अर्धीच कळते, आणि दुखापत झाली किंवा निवड हुकली की परतीच्या गाडीखेरीज त्याच्यासमोर काही उरत नाही. जयपाल यांना आय.सी.एस. सोडता आली, कारण हाती विद्या होती. तिच्याच बळावर पुढे बर्मा-शेलची नोकरी मिळाली, आफ्रिकेतील अचिमोटा येथे व रायपूरच्या राजकुमार कॉलेजात अध्यापन करता आले.

१९३९ मध्ये ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. संविधान सभेत त्यांनी आदिवासींची बाजू निर्भीडपणे मांडली आणि स्वतंत्र झारखंडासाठी पक्ष उभारला. १९६३ मध्ये तो काँग्रेसमध्ये विलीन केल्याचा राग अनेक अनुयायांनी शेवटपर्यंत धरला. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. झारखंड राज्य अस्तित्वात आले ते २००० साली.