डिग्री सोडून काचेकडे

एडवर्ड बर्न-जोन्सचा जन्म १८३३चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. वडील चित्रांच्या फ्रेम बनवायचे. घर आणि दुकान सेंट फिलिप्स चर्चपासून हाकेच्या अंतरावर. नेडचा बाप्तिस्माही तिथलाच.

ऑक्सफर्डला गेला तो पाद्री व्हायला. तिथे विल्यम मॉरिस भेटला, त्यालाही पाद्रीच व्हायचं होतं! पण दोघं फ्रान्समधली जुनी कॅथेड्रल्स बघून आले आणि बेत बदलला. मॉरिस आर्किटेक्ट होणार, नेड चित्रकार. नेडने तर डिग्रीही घेतली नाही. म्हणजे धर्म सुटला असं नाही. पुढची जवळपास चाळीस वर्षं हा माणूस चर्चच्या खिडक्यांसाठी बायबलमधले प्रसंग काढत राहिला.

१८६१मध्ये मॉरिसने मित्रांबरोबर कंपनी काढली. नेड खिडकीच्या मापाचं चित्र काढायचा, बहुतेकदा विनारंगाचं. कुठला रंग कुठे, हे बरीच वर्षं मॉरिस ठरवायचा. रंग काचेतच असतो; निळ्यासाठी वितळलेल्या काचेत कोबाल्ट घालतात. मग एकेक तुकडा कापायचा, चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काढून भट्टीत भाजायच्या आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे. पट्टी चुकीच्या जागी आली की चेहऱ्याचा बट्ट्याबोळ. नेडच्या खिडक्यांत मात्र त्या काळ्या रेषा चित्राच्याच वाटतात. मानधन कमी मिळतं म्हणून तो कंपनीच्या हिशेबवहीत चक्क खवचट शेरे मारायचा, तेही दोस्ताच्याच कंपनीच्या!

१८८५मध्ये सेंट फिलिप्समध्ये त्याची ‘स्वर्गारोहण’ ही खिडकी बसली. जागा बघून तो इतका खूश झाला, की आणखी दोन करायचं कबूल करून बसला. १८८७मध्ये ‘येशूजन्म’ आणि ‘क्रूसारोहण’ आल्या. पैसे देणाऱ्या बाईंची अट भन्नाट होती: जन्माच्या देखाव्यात बैल नकोत. गोठा म्हटला की बैल आणि गाढव, ही शेकडो वर्षांची रीत. नेडने ऐकलं. तिथे मेरी, बाळ, देवदूत, मेंढपाळ आहेत, बैल नाही.

माझ्या मते चौथी सगळ्यांत भारी. ‘अंतिम न्याय’, १८९७. वर येशू आणि लालभडक देवदूत, मध्ये कोसळणाऱ्या इमारती, खाली भेदरलेली माणसं. ती बसली तेव्हा मॉरिस नव्हता. तो १८९६च्या ऑक्टोबरमध्ये गेला होता. नेडही १८९८च्या जूनमध्ये गेला.

जाता जाता, आपल्याकडचा एक धागा. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग नेडच्या बायकोचा सख्खा भाचा. त्याचे वडील जे. जे.मध्ये शिकवायचे. इंग्लंडला ठेवलेला छोटा रुडयार्ड दर डिसेंबरला या मावशीकडे यायचा.

दुसऱ्या महायुद्धात चारही खिडक्या काढून वेल्समधल्या एका खाणीत ठेवल्या. १९४०च्या नोव्हेंबरमध्ये बॉम्बहल्ल्यात चर्च आतून जळालं. इमारत दुरुस्त झाल्यावर खिडक्या पुन्हा बसवल्या. नेडचा बाप्तिस्मा झाला, त्याच चर्चमध्ये त्या आजही आहेत.