बोगदेवाला महापौर

जर्मनीतील आखेनचे अडॉल्फ सुट्रो १८५० साली सॅन फ्रान्सिस्कोस आले व तंबाखूच्या व्यापारात शिरले. पुढे नेवाडातील चांदीच्या खाणींतले पाणी काढण्यासाठी डोंगराखालून बोगदा खणण्याचा त्यांना ध्यास लागला. पेढीवाल्यांनी वाट अडवली. १८६९ मध्ये यलो जॅकेट खाणीतील आगीत तीसहून अधिक मजूर दगावले. बोगदा असता तर सुटकेची वाट मिळती, हे ओळखून मजूर-संघानेच पैसा पुढे केला. सुमारे चार मैलांचा बोगदा १८७८ मध्ये आरपार झाला, पण खाणींचा बहर तोवर ओसरला होता. सुट्रोंनी आपले भाग वेळीच विकून सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेतल्या. (अखेर व्यापारीच तो!) समुद्रकाठच्या फेरीला दुप्पट भाडे घेणाऱ्या रेल्वे कंपनीशी ते झुंजले, तेव्हा लोकांनी १८९४ मध्ये त्यांना महापौर निवडले. हुकूम सोडण्याची सवय जडलेल्या या गृहस्थांना सभागृहाची मने मात्र वळवता आली नाहीत. १८९७ मध्ये पद सुटले; पुढच्याच वर्षी ते वारले.