सोल्फेरिनोचा साक्षीदार : आंरी द्युनां

१८६२ सालच्या अखेरीस जिनीव्हातील एका छापखान्यातून एक लहानसे फ्रेंच पुस्तक बाहेर पडले. प्रती अवघ्या १६००. छपाईचा खर्च लेखकाने स्वतः सोसलेला, आणि पुस्तक विक्रीसाठी काढलेलेच नव्हते. युरोपातील राजे, मंत्री, सेनापती आणि लोकोपयोगी कामांत नाव मिळवलेली माणसे यांना ते भेटीदाखल धाडण्यात आले. ‘सोल्फेरिनोची एक आठवण’ हे त्या पुस्तकाचे नाव. त्यात मांडलेल्या दोन्ही सूचना दोन वर्षांच्या आत प्रत्यक्षात उतरल्या. ग्रंथाचे फळ इतक्या लवकर पदरी पडल्याची उदाहरणे ग्रंथालयाची कपाटे धुंडाळूनही फारशी सापडायची नाहीत. लेखकाच्या वाट्याला मात्र त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षे कर्ज, विजनवास आणि विस्मृती आली.

आपल्याकडे हेन्री ड्युनंट या इंग्रजी वळणाच्या नावाने परिचित असलेले आंरी द्युनां यांचा जन्म ८ मे १८२८ रोजी जिनीव्हात झाला. घराणे सुखवस्तू आणि धर्मनिष्ठ होते. गोरगरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या घरी जाणे हा तिथला नित्याचा परिपाठ होता. शाळेत ते चमकले नाहीत. शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी पेढीवर उमेदवारी पत्करली. पेढीच्या संबंधांतूनच १८५३ साली त्यांची अल्जीरियाशी गाठ पडली, आणि पुढे तिथे स्वतःच्या गिरण्या चालवण्यासाठी त्यांनी कंपनी स्थापन केली. जमीन मिळाली होती, भांडवलही उभे राहिले होते. पण गिरण्यांना लागणाऱ्या पाण्याचा हक्क फ्रेंच अंमलदार देईनात. तेव्हा थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनकडे दाद मागावी असे त्यांनी ठरवले. सम्राट त्या वेळी उत्तर इटलीत ऑस्ट्रियाविरुद्ध लढत होता. सम्राटाची स्तुती करणारी एक पुस्तिका बरोबर घेऊन हा एकतीस वर्षांचा व्यापारी लोंबार्दीकडे निघाला. पुढे त्यांच्या नावाभोवती जे तेजोवलय निर्माण झाले, त्याच्या प्रकाशात ही गोष्ट झाकून टाकण्याचे कारण नाही. ते गेले होते आपल्या गिरण्यांच्या पाण्यासाठी.

२४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनोच्या टेकड्यांवर फ्रेंच व सार्दिनियाच्या फौजा एका बाजूला आणि ऑस्ट्रियाची फौज दुसऱ्या बाजूला अशी सुमारे तीन लाख माणसे दिवसभर झुंजली. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला. द्युनां त्या संध्याकाळी जवळच्या कास्तील्योने या गावी पोहोचले. जखमींच्या गाड्या तिथे येऊ लागल्या होत्या. चर्च, मठ, सैनिकी बराकी, खासगी घरे भरून गेली आणि माणसे रस्त्यावर गवत अंथरून निजवावी लागली. गावात फ्रेंच सैन्याचे डॉक्टर होते अवघे सहा.

द्युनां यांना वैद्यकाचे ज्ञान नव्हते. त्यांनी गावातील मुख्य चर्चमध्ये मुक्काम ठोकला. गावच्या बायामुलींना एकत्र केले, पोरांना विहिरीवरून पाणी आणण्यास धाडले, जखमा धुणे आणि पट्ट्या बांधणे सुरू केले. ब्रेशिया शहरी गाडी पाठवून कापड, लिंबे, सदरे, तंबाखू अशा वस्तू मागवल्या. मरणाऱ्यांचे अखेरचे निरोप लिहून घेतले. उन्हाळी प्रवासाचा पांढरा पोशाख अंगावर असलेला हा परका गृहस्थ कोण, याचे सैनिकांना कुतूहल वाटे. जखमींमध्ये फ्रेंच होते तसे ऑस्ट्रियनही होते. गावातील स्त्रियांनी त्यांच्यात भेद केला नाही. सगळेच आपले भाऊ, हा त्यांच्या तोंडचा शब्द द्युनां यांच्या मनात कायमचा कोरला गेला. कैदेतील ऑस्ट्रियन डॉक्टरांना सोडून त्यांना जखमींच्या सेवेस लावावे, असाही आग्रह त्यांनी फ्रेंचांकडे धरला, आणि जुलैच्या आरंभी तसा हुकूम निघाला. गिरण्यांच्या पाण्याचे काम मात्र झाले नाही.

पुस्तक लिहायला बसण्यापूर्वी द्युनां यांनी तीन वर्षे जाऊ दिली, आणि कदाचित त्यामुळेच ते नुसत्या हळहळीवर थांबले नाही. कास्तील्योनेत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. गावात पाणी होते, अन्न होते, पट्ट्यांसाठी चिंध्याही होत्या. तरी माणसे तहानेने आणि उपासाने मरत होती, कारण त्या गोष्टी वेळेवर त्यांच्यापर्यंत नेणारे हात नव्हते. दुसरी गोष्ट त्याहून कडू होती. पहिल्या काही दिवसांचा लोकांचा उत्साह आठवडाभरात ओसरू लागला. माणसे थकली, काही आजारी पडली, काहींना वीट आला. करुणा होती, पण तिला वळण नव्हते. म्हणून त्यांची पहिली सूचना अशी की, प्रत्येक देशात शांततेच्या काळातच स्वयंसेवकांची मंडळे स्थापावीत, त्यांना शिकवून तयार ठेवावे. पूर, आग, साथीचे रोग यांतही अशी मंडळे उपयोगी पडतील, हे त्यांनी तेव्हाच सुचवले होते. दुसरी सूचना अशी की, जखमींची व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांची सुरक्षितता सर्व राष्ट्रांनी करार करून मान्य करावी.

या कल्पनेला विरोधही झाला, आणि तो ऐऱ्यागैऱ्यांचा नव्हता. क्रिमियाच्या युद्धात ख्याती मिळवलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना हा विचार पटला नाही. जखमी सैनिकांची काळजी वाहणे हे सरकारचे कर्तव्य. ते खासगी मंडळांनी उचलले तर सरकारांना युद्ध करणे अधिकच सोपे होईल, असा त्यांचा आक्षेप होता. या आक्षेपातील तथ्य आजही संपलेले नाही.

जिनीव्हातील लोककल्याण संस्थेचे अध्यक्ष, वकील ग्युस्ताव्ह म्वान्ये यांनी पुस्तक वाचून पुढाकार घेतला. जनरल द्युफूर, डॉ. आप्पिया, डॉ. मोनुआर, म्वान्ये आणि द्युनां अशा पाच जणांची समिती १७ फेब्रुवारी १८६३ रोजी प्रथम बैठकीस बसली. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा तो आरंभ. द्युनां चिटणीस झाले. म्वान्ये व्यवस्थित, सावध. द्युनां घाईचे, मनस्वी. त्याच वर्षी बर्लिनला गेले असता द्युनां यांनी समितीची संमती न घेता वैद्यकीय पथकांच्या तटस्थतेचा प्रस्ताव स्वतःच छापून वाटला. म्वान्ये यांना ते मुळीच रुचले नाही. परंतु २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी ज्या दहा कलमी जिनीव्हा करारावर सह्या केल्या, त्याचा गाभा ही तटस्थताच होती. पांढऱ्या जमिनीवर तांबडा क्रूस हे चिन्हही त्या कराराने मान्य केले.

इकडे अल्जीरियातील धंदा रसातळाला चालला होता. १८६७ साली द्युनां यांचे दिवाळे निघाले. देणे सुमारे दहा लाख फ्रँकांचे होते, आणि त्यात आप्त व मित्रांचा पैसा गुंतलेला होता. त्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये सम्राज्ञी यूजेनीने त्यांना भेटीस बोलावले होते. ऑगस्टमध्ये त्यांना चिटणीसपदाचा राजीनामा द्यावा लागला आणि सप्टेंबरमध्ये समितीतूनही वगळण्यात आले. पुढील वर्षी जिनीव्हाच्या न्यायालयाने त्यांच्यावर फसवणुकीचा ठपका ठेवला. त्यांनी जिनीव्हा सोडले ते कायमचे.

म्वान्ये यांना या कथेतील खलपुरुष ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. नव्या संस्थेची पत जपणे त्यांना भाग होते, आणि पुढे कित्येक वर्षे ती संस्था त्यांनीच उभी ठेवली. तरीही द्युनां यांना कुठूनही आधार मिळू नये, इतका कठोरपणा कशासाठी, हा प्रश्न उरतोच. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनातील सुवर्णपदक म्वान्ये, द्युफूर आणि द्युनां या तिघांत विभागले गेले आणि रक्कम समितीकडे गेली. जखमी शत्रूलाही उचलून घ्यावे असे सांगणाऱ्या माणसाला त्याच्याच शहराने उचलले नाही.

पॅरिसमध्ये १८७०-७१ च्या युद्धात द्युनां पुन्हा मदतकार्यात दिसतात. युद्धकैद्यांनाही संरक्षण असावे म्हणून त्यांनी पुढे खटपट केली. पण हळूहळू दारिद्र्याने त्यांना गाठले. जुन्या कोटाचे विटलेले भाग शाईने काळे करावेत, सदऱ्याची कॉलर खडूने पांढरी करावी, असे दिवस त्यांनी काढले. अनेक देश भटकून १८८७ साली ते स्वित्झर्लंडमधील हायडन या डोंगरी गावी आले. १८९२ पासून तिथल्या रुग्णालयातील एक खोली हेच त्यांचे घर झाले.

१८९५ साली सेंट गालेन येथील पत्रकार गेओर्ग बाउमबेर्गर त्यांना भेटले. रेडक्रॉसचा जनक जिवंत आहे आणि एका खेड्यातील रुग्णालयात दिवस कंठतो आहे, ही बातमी त्यांच्या लेखामुळे युरोपभर पसरली. सन्मान आणि साहाय्य येऊ लागले. १९०१ साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक द्युनां आणि फ्रेंच शांततावादी फ्रेदेरिक पासी यांना विभागून देण्यात आले. जिनीव्हाच्या समितीनेही त्यांचे अभिनंदन केले. घेणेकऱ्यांचा हात पोचू नये म्हणून त्यांच्या वाट्याची रक्कम नॉर्वेतच एका बँकेत ठेवण्यात आली, आणि द्युनां यांनी हयातीत तिला स्पर्श केला नाही. जुन्या देण्यांचा सल त्यांच्या मनातून गेला नव्हता. अखेरची वर्षे त्यांनी खोलीतच, माणसांना टाळत, घेणेकऱ्यांच्या धास्तीत काढली.

१९१० च्या ऑगस्टमध्ये म्वान्ये वारले. द्युनां यांनी ३० ऑक्टोबरला, वयाच्या ८२ व्या वर्षी, हायडन येथे देह ठेवला. त्यांच्या इच्छेनुसार झुरिक येथे कोणताही समारंभ न करता अंत्यविधी झाला. मृत्युपत्रान्वये पारितोषिकाच्या रकमेतून नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमधील लोकोपयोगी संस्थांना देणग्या मिळाल्या, आणि हायडनच्या त्या रुग्णालयात गावातील गरीब रुग्णासाठी एक खाट कायमची विनामूल्य राखून ठेवण्यात आली.