ठिणगी विकणारा माणूस

गाडी सर्व्हिसिंगहून आणली, अकोल्याहून अमरावतीला निघालात आणि मूर्तिजापूर मागे पडायच्या आत ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावला तर कोड पी०३५१, म्हणजे पहिल्या इग्निशन कॉइलच्या सर्किटमध्ये गडबड. लगेच नवी कॉइल घ्यायला धावू नका. कोड फक्त सर्किट दाखवतो, पार्ट नाही. कालच्या कामात हात कुठे लागला ते आधी बघा: कॉइलचा कनेक्टर टिक् आवाज करून बसलाय का, अर्थची वायर आवळलीय का? मग पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावा. कोड पी०३५२ झाला तर कॉइलच गेली. तोच राहिला तर दोष वायरिंगकडे.

गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या तारेवरून बोलतात, ती कॅन पद्धत १९८६ मध्ये बॉश कंपनीने जगापुढे आणली. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी असलेला मायको प्लगही याच घराण्यातला. पण ज्याच्या नावाची ही कंपनी, तो रॉबर्ट बॉश किती जणांना माहीत आहे?

जर्मनीत उल्म शहराजवळच्या अल्बेक गावी २३ सप्टेंबर १८६१ ला त्याचा जन्म झाला. बारा भावंडांत अकरावा. वडिलांची शेती आणि खानावळ होती. शाळेत फार रमला नाही, बारीक यंत्रकामाची उमेदवारी केली. स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयात थोडे महिने बसला, डिग्री काही घेतली नाही. १८८४ मध्ये अमेरिकेत जाऊन एडिसनच्या कारखान्यात राबला. १८८६ मध्ये परत येऊन स्टुटगार्टमध्ये वर्कशॉप थाटलं तेव्हा सोबत एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या, एवढाच स्टाफ!

धंदा मात्र काही केल्या धरेना. टेलिफोन बसव, विजेच्या घंट्या दुरुस्त कर, सायकलवर टांग टाकून गिऱ्हाइकाकडे जा, असं वर्षानुवर्षं चाललं. कर्ज वाढलं, एकदा तर बहुतेक कामगार कमी करावे लागले. १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने मॅग्नेटो मागितला. चुंबकांमध्ये तारेचं वेटोळं फिरवून बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं हे यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं. बॉशने त्यावर पेटंट नाही याची खात्री केली आणि स्वतःचा सुधारलेला मॅग्नेटो बनवला. म्हणजे मूळ कल्पना त्याची नव्हती, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

पण तो मॅग्नेटो कारखान्यातल्या संथ इंजिनांचा. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्सने द दियाँ-बूताँची तीनचाकी पाठवली. तिचं इंजिन कित्येक पटींनी वेगवान. तोडगा काढला फोरमन आर्नोल्ड त्सेरिंगरने: जड आर्मेचर फिरवायचंच नाही, भोवतीचं हलकं आवरण तेवढं हलवायचं. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्डने त्याच्याही पुढची उडी मारली. उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्थिर प्लग, त्यामुळे सिलिंडरच्या आत हलणारा भागच राहिला नाही. बॉशचं खरं कसब मला इथे दिसतं: आपल्यापेक्षा हुशार माणसं त्याने शोधली आणि टिकवली.

१९०६ मध्ये त्याने आठ तासांची पाळी लागू केली, जर्मनीत कायदा यायच्या बारा वर्षं आधी. इतर कारखानदार त्याला लाल बॉश म्हणून हिणवायचे. तरी १९१३ मध्ये त्याच्याच कारखान्यात संप झाला आणि तो मनातून दुखावला. पहिल्या महायुद्धातला नफा त्याने दान केला. १९२१ मध्ये दीर्घ आजाराने मुलगा गेला, कंपनीचा वारस गेला.

पुढचा काळ पचायला जड आहे. हिटलर त्याला मान्य नव्हता. ज्यू लोकांना त्याने गुपचूप मदत केली. १९३७ मध्ये कार्ल गोर्डेलर या हिटलरविरोधकाला त्याने सल्लागार नेमलं, त्याच्या कामाला पैसा पुरवला. पण त्याच वेळी त्याचे कारखाने त्याच राजवटीच्या सैन्याला माल देत होते आणि युद्धात तिथे हजारो वेठबिगार राबले. एका हाताने विरोध, दुसऱ्याने पुरवठा. हा हिशेब इतिहासकार अजून मांडताहेत.

१२ मार्च १९४२ ला बॉश गेला. ज्यांच्याविरुद्ध तो गुपचूप पैसा देत होता, त्या नाझींनीच त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामात काढली.