डॉ. सतीश धवन

डॉ. सतीश धवन यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२० रोजी श्रीनगर येथे झाला. विज्ञान, इंग्रजी साहित्य आणि यंत्र अभियांत्रिकी अशा भिन्न विषयांत त्यांनी पदव्या संपादन केल्या. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन १९५१ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. १९७२ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्षपद व अंतराळ विभागाचे सचिवपद त्यांच्याकडे आले.

उपग्रहांचा लाभ सामान्य माणसाला मिळावा, अशी त्यांची धारणा होती. शेती, पाणी आणि वने यांची पाहणी आकाशातून करण्याच्या कार्याला त्यांनी बळ दिले. जून १९७९ मध्ये भूनिरीक्षणासाठी ‘भास्कर-१’ हा उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘एसएलव्ही-३’ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण अयशस्वी ठरले. धवन यांनी अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली. १९८० मध्ये यश मिळताच श्रेय मात्र सहकाऱ्यांना दिले.

हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात व अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. त्यामुळे उपग्रहाच्या प्रतिमेत दाट वन, विरळ वन आणि उघडी जमीन वेगळी ओळखता येते. एकाच प्रदेशाच्या निरनिराळ्या वर्षांतील प्रतिमा ताडून पाहिल्या, की वनातील बदल कळतो. मात्र ऋतू एकच असावा लागतो. अन्यथा पानगळ हीच वृक्षतोड भासते. बंगळूरच्या दक्षिणेस बोम्मसंद्रा येथे कारखाने उभे राहिले. जवळच बन्नेरघट्टाचे वन आहे. अशा ठिकाणी वस्ती कोठवर पसरली आणि वन कोठे मागे सरले, हे या रीतीने तपासता येते.

हैदराबादची राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था १९८० मध्ये अंतराळ विभागाकडे आली. तिने अमेरिकेच्या ‘लँडसॅट’ उपग्रहांच्या प्रतिमांवरून देशातील वनांची मोजणी केली. १९७२-७५ या काळात देशाच्या १६.८९ टक्के भूभागावर असलेले वनाच्छादन १९८०-८२ पर्यंत १४.१० टक्क्यांवर आल्याचे तिला आढळले. कागदोपत्री वनजमीन याहून बरीच अधिक होती. हे आकडे सुखद नव्हते आणि त्यांवर वादही झाला. परंतु वनांचा ऱ्हास नजरेआड करणे आता शक्य नव्हते. १९८७ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनस्थितीचा अहवाल साधारणतः दर दोन वर्षांनी प्रसिद्ध करते.

धवन १९८४ मध्ये अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. १७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ए’ हा भारताचा स्वतःचा सुदूर संवेदन उपग्रह अवकाशात झेपावला. ३ जानेवारी २००२ रोजी बंगळूर येथे धवन यांचे निधन झाले. श्रीहरिकोटा येथील अंतराळ केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे. अपयश असो वा अप्रिय वस्तुस्थिती, तिला धैर्याने सामोरे जाण्याची शिकवण त्यांच्या जीवनातून मिळते.